कुत्रीच्या पोटाखालची गाठ
(चावडीपुढे केलेले भाषण)



आज आम्ही जरा वेगळ्याच विषयावर बोलणार आहोत. विषय आहे कुत्र्याचा. हे ऐकून मागे काहीजण हसले. एक बाबा म्हणालेही, "गाईम्हशींचं सांगा, पिकाचं सांगा. कुत्र्याचं काय सांगताय?"

हसा, हरकत नाही. पण आधी आम्हांला एक विचारू द्या. खळ्यावर धान्याची रास पडलेली असते, तेव्हा रात्रभर जागं कोण असतं? मेंढरं रानात बसवली, म्हणजे लांडग्यावर पहिलं कोण धावतं? वस्तीवर अनोळखी माणूस आला, तर घरधन्याला आधी कोण सांगतं?

कुत्रं शिळ्या भाकरीवर राबतं. त्याला पगार नाही, सुट्टी नाही. मग त्याच्या दुखण्याची चौकशी आपण केली, तर त्यात लाज कसली?

कुत्र्याची दुखणी पुष्कळ आहेत. आज एकच घेऊ. ते म्हणजे कॅन्सर, ज्याला कर्करोग म्हणतात. कुत्र्याची नसबंदी केली, तर हा रोग कमी होतो की वाढतो? लोक दोन्ही सांगतात. खरे काय ते आज पाहू.

काळीची गोष्ट

आम्ही एका वस्तीवर नेहमी जात असू. तिथे एक आजी राहात. त्यांच्याजवळ एक कुत्री होती. अंगाने काळी, म्हणून नावही काळीच. भाद्रपद आला की काळी माजावर यायची. गावातले सगळे कुत्रे वस्तीभोवती गोळा व्हायचे. दोन महिन्यांनी काळीला पिल्लं व्हायची. चार व्हायची, पाच व्हायची. त्यांतलं एखादंच जगायचं.

काळी लहान असताना गावात जनावरांचे डॉक्टर आले होते. ते म्हणाले, "आजी, हिचं ऑपरेशन करून घ्या." आजी म्हणाल्या, "नको रे बाबा. एकदा तरी पिल्लं होऊ देत. बाईच्या जातीला लेकरू नको व्हय?" एकदा झाली. मग दुसऱ्यांदा झाली. मग ती गोष्ट राहूनच गेली.

काळी आठ वर्षांची झाली. एक दिवस तिला गोंजारताना आजींच्या हाताला मागच्या आचळाशी काहीतरी लागलं. ज्वारीच्या दाण्याएवढं. आजींनी हळद लावली. चार महिन्यांनी ती गाठ सुपारीएवढी झाली. कुणीतरी चुना लावायला सांगितला. तोही लावून झाला. पुढे गाठ लिंबाएवढी झाली, फुटली, वाहू लागली. माश्या बसू लागल्या. तेव्हा आम्हांला निरोप आला.

आम्ही काळीला टेंपोत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिची छाती तपासली, फोटो काढला. ते म्हणाले, "गाठ काढता आली असती. पण आता रोग छातीत उतरला आहे." काळी खोकायची, ती त्यामुळेच. त्यानंतर ती दीड महिना जगली. शेवटच्या दिवसांतसुद्धा आम्ही वस्तीवर गेलो की ती पडल्यापडल्या शेपूट हलवायची.

आजी आम्हांला म्हणाल्या, "लेकरांनो, मला कुणी नीट सांगितलंच न्हाई." हे बोलणं आमच्या जिव्हारी लागलं. डॉक्टरांनी ऑपरेशन करा म्हणून सांगितलं होतं. पण का करा, ते कुणी समजावलं नव्हतं. आम्हीही तिथे जात होतो. आम्हीही समजावलं नव्हतं. म्हणून आज हे भाषण.

कॅन्सर म्हणजे काय?

तुमच्या शेतात हराळी असते. ती एका जागी उगवते आणि जमिनीखालून पसरते. वरून खुडली तरी खाली कांडी राहते. तो तुकडा नांगराबरोबर दुसऱ्या वावरात गेला, तर तिथेही हराळी उगवते.

कॅन्सर असाच असतो. आपलं अंग बारीक बारीक पेशींचं बनलेलं आहे. भिंत विटांची, तसं अंग पेशींचं. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. हे सगळं हिशोबात चालतं. कधी एखादी पेशी हिशोब मोडते. वाढतच सुटते. तिची गाठ होते. त्या गाठीतल्या पेशी रक्तातून दुसरीकडे जातात आणि तिथे नवी गाठ धरतात. काळीच्या आचळातला रोग छातीत गेला, तो असाच.

प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. कुत्रीच्या आचळात येणाऱ्या गाठींपैकी साधारण निम्म्या साध्या असतात आणि निम्म्या वाईट असतात. पण बाहेरून हात लावून कोणती कसली, हे कुणालाच कळत नाही. डॉक्टरलाही नाही. गाठ काढून तपासावी लागते.

माणसाची नसबंदी आणि कुत्र्याची नसबंदी

आता मुख्य गोष्ट ऐका. आपण दोन्हींना नसबंदीच म्हणतो. पण दोन्हींत मोठा फरक आहे.

पुरुषाच्या नसबंदीत फक्त नळी कापून बांधतात. अंड जागेवरच राहते. बाईच्या ऑपरेशनातही नळीच बंद करतात. बीजकोश आत तसाच राहतो. पाणी अडवायला पाटाचं दार लावावं, तसं हे आहे. विहीर तशीच असते.

कुत्र्याचं तसं नाही. नराची दोन्ही अंडं काढून टाकतात. मादीचे बीजकोश काढतात, आणि बहुधा त्याबरोबर पिशवीही काढतात. म्हणजे इथे पाटाचं दार लावत नाहीत, विहीरच बुजवतात. गोऱ्हा खच्ची केला म्हणजे त्याचा स्वभाव पालटतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. हे त्याच जातीचं काम आहे. फक्त कुत्र्याला आधी भूल देतात, म्हणून त्याला त्या वेळी काही कळत नाही.

मग कॅन्सरशी याचा संबंध कसा? ऐका. मादीच्या बीजकोशातून एक रस रक्तात मिसळतो. डॉक्टर त्याला हार्मोन म्हणतात. कुत्री माजावर येते ती या रसामुळे. हाच रस आचळांना सांगतो, "वाढा, दुधाची तयारी करा." दर माजाला हा निरोप जातो, आणि आचळांतल्या पेशी वाढतात. वाढणाऱ्या पेशींत एखादी हिशोब मोडण्याची भीती जास्त. निरोप जितका कमी वेळा जाईल, तितकी ही भीती कमी.

बीजकोश काढला की निरोप बंद झाला.

पहिल्या माजाच्या आधी

हे किती खरं आहे, ते काही शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं. १९६९ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया प्रांतात श्नायडर, डॉर्न आणि टेलर या तिघांनी आपला अभ्यास छापला. त्यांचे आकडे आम्ही सोपे करून सांगतो.

असे समजा, की कुत्र्यांचे चार मोठे कळप आहेत. चारही सारखेच मोठे.

पहिल्या कळपातल्या माद्यांचं ऑपरेशन कधीच केलं नाही. त्यांतल्या २०० माद्यांना आचळाचा कॅन्सर झाला.

दुसऱ्या कळपातल्या माद्यांचं ऑपरेशन दोन किंवा जास्त माज होऊन गेल्यावर केलं. तिथे ५२ माद्यांना झाला.

तिसऱ्या कळपात एक माज झाल्यावर केलं. तिथे १६ माद्यांना झाला.

चौथ्या कळपात पहिला माज येण्याआधीच केलं. तिथे फक्त एकीला झाला.

२००, ५२, १६ आणि १. एवढे चार आकडे ध्यानात ठेवलेत, तरी पुष्कळ झालं.

पण आम्ही तुम्हांला अर्धीच गोष्ट सांगणार नाही. २०१२ साली इंग्लंडातल्या संशोधकांनी असे सगळे जुने अभ्यास पुन्हा तपासले. ते म्हणाले, पुरावा हवा तेवढा भक्कम नाही. म्हणून हे आकडे बाजारातल्या वजनमापासारखे काटेकोर धरू नका. त्यांचा रोख ध्यानात घ्या. रोख असा, की ऑपरेशन जितकं लवकर, तितका फायदा जास्त. वय वाढत जातं, तसा आचळाच्या गाठीपुरता फायदा कमी होत जातो.

आता "एकदा तरी पिल्लं होऊ देत" या बोलण्याचं काय करायचं? त्यामागे माया आहे, हे आम्ही जाणतो. पण पिल्लं झाल्याने कुत्रीची गाठ टळते, असं काही दिसलेलं नाही. उलट पिल्लं व्हायची म्हणजे माज यायलाच हवा. कुत्रीचा पहिला माज बहुधा सहा महिने ते एक वर्ष या वयात येतो. पिल्लांची वाट पाहता पाहता तीच चांगली वेळ हातची जाते. आजींचं असंच झालं.

पिशवीचा रोग

कॅन्सर नव्हे, पण त्याच्याइतकंच घातकी असं एक दुखणं मादीला होतं. माज होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी पिशवीत पू भरतो. कुत्री खात नाही, पाणी फार पिते, पोट फुगतं. कधी खालून घाण वाहते, कधी वाहतही नाही. लवकर इलाज झाला नाही तर ती मरते.

स्वीडन देशात पूर्वी कुत्र्यांची नसबंदी सहसा करत नसत. तिथे कुत्र्यांचा विमा मात्र उतरवतात. त्या विम्याच्या कागदांवरून दिसलं, की दहा वर्षांची होईपर्यंत दर चार माद्यांत जवळजवळ एकीला हे दुखणं होतं. चारांत एक म्हणजे काही थोडं नाही.

बीजकोश आणि पिशवी काढलेल्या मादीला या दुखण्याची भीती उरत नाही. बीजकोशाचा कॅन्सर नाही, पिशवीचाही नाही. जे झाडच नाही, त्याला कीड कुठून लागणार?

कुत्र्याकुत्र्यांत लागणारी गाठ

आपल्याकडच्या मोकाट कुत्र्यांत आणखी एक गाठ दिसते. तुम्ही ती पाहिली असेल. नराच्या किंवा मादीच्या लघवीच्या जागी लाल मांस वाढतं. फुलकोबीच्या गड्ड्यासारखं दिसतं. त्यातून थेंब थेंब रक्त गळतं. लोक म्हणतात, "कुणीतरी दगड मारला," किंवा "माजावर आली असेल." पण रक्त थांबतच नाही.

हा कॅन्सर मोठा विचित्र आहे. बहुतेक कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हा लागतो. एका कुत्र्याच्या गाठीतल्या जिवंत पेशी लगटाच्या वेळी दुसऱ्याच्या अंगावर घासल्या जातात आणि तिथे रुजतात. हराळीची कांडी दुसऱ्या वावरात जावी, तसंच. १८७६ साली रशियातल्या नोविन्स्की नावाच्या पशुवैद्याने एका कुत्र्याची गाठ दुसऱ्यात रुजते, हे दाखवून दिलं. अलीकडच्या शास्त्रज्ञांनी आणखी शोध लावला. जगभरच्या कुत्र्यांतल्या या गाठी हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या पेशींपासून चालत आलेल्या आहेत. ते कुत्रं केव्हाच मेलं. त्याची गाठ मात्र अजून देशोदेशी हिंडते आहे.

हा रोग माणसाला लागत नाही. त्याची भीती बाळगू नका.

नसबंदी केली, म्हणजे कुत्र्यांचं माजावर येणं आणि एकमेकांमागे लागणं पुष्कळ कमी होतं. मग गाठ पसरायची वाटच अरुंद होते. अगदी बंद होत नाही, कारण हुंगण्याचाटण्यातूनही ती कधीकधी लागते. पण गावातली पुष्कळ कुत्री केली, तर सगळ्या गावालाच फायदा होतो.

आणि एक चांगली बातमी. ही गाठ बहुधा बरी होते. डॉक्टर आठवड्यातून एकदा शिरेत इंजेक्शन देतात. बहुतेक कुत्री काही आठवड्यांत बरी होतात. त्या औषधाचं नाव व्हिनक्रिस्टीन. तुमच्या अंगणात सदाफुली असते ना? त्याच झाडापासून हे औषध निघतं. पण म्हणून कुणी सदाफुलीचा पाला वाटून कुत्र्याला पाजू नका. तो विषारी आहे. झाडातून औषध वेगळं काढून, मोजून द्यावं लागतं. ते डॉक्टरचंच काम.

नराचे काय?

आता नराकडे वळू. म्हाताऱ्या कुत्र्याच्या अंडात गाठ येते. अंडं काढली, की हा रोग होत नाही. बहुतेक वेळा या गाठी दूर पसरत नाहीत. त्यामुळे गाठ आल्यावर ऑपरेशन केलं, तरी पुष्कळदा चालतं.

पण एक अपवाद आहे. काही कुत्र्यांचं एकच अंड खाली उतरतं. दुसरं पोटात किंवा जांघेत अडकून राहतं. त्या अडकलेल्या अंडात कॅन्सर होण्याचा धोका कितीतरी जास्त असतो. तुमच्या कुत्र्याला एकच अंड दिसत असेल, तर दुसरं गेलं कुठे ते डॉक्टरांना विचारा आणि काढून घ्या.

दुसऱ्या बाजूला, मूत्राशयाजवळ प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. म्हातारपणी ती सुजते आणि कुत्र्याला त्रास देते. नसबंदीने ही सूज कमी होते. पण त्या ग्रंथीचा कॅन्सर मात्र नसबंदी केलेल्या कुत्र्यांत थोडा जास्त दिसला आहे. तो रोग क्वचितच होतो. तरी आहे ते सांगितलं पाहिजे, म्हणून सांगितलं.

नसबंदीने कॅन्सर वाढतो म्हणतात, ते काय?

एका गावात एक शिकलेला तरुण आम्हांला म्हणाला, "दादा, मी वाचलंय. नसबंदीनं कॅन्सर वाढतो." आम्ही म्हटलं, "तू वाचलंस ते खोटं नाही. पण ते कोणत्या कुत्र्याबद्दल होतं, ते पाहिलंस का?"

गोल्डन रिट्रीव्हर नावाची विलायती जात आहे. सोनेरी केसांची, अंगाने मोठी. कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी या जातीच्या ७५९ कुत्र्यांचे कागद तपासले आणि २०१३ साली निष्कर्ष छापला. एक वर्षाच्या आत नसबंदी केलेल्या नरांत शंभरात सुमारे दहांना लसिकेच्या गाठींचा कॅन्सर झाला. न केलेल्यांच्या तिप्पट. रॉटवायलर ही दुसरी दांडगी जात. २००२ साली छापलेल्या एका अभ्यासात, एक वर्षाच्या आत नसबंदी केलेल्या रॉटवायलरांपैकी चारांत सुमारे एकाला पुढे हाडाचा कॅन्सर झाला.

असं का व्हावं? तो रस नुसता माजासाठी नसतो. वाढत्या वयात हाडांच्या वाढीतही त्याचं काम असतं. दांडग्या जातीची वाढ पुरी व्हायला वेळ लागतो. त्याआधीच रस बंद केला, तर काही जातींना ते मानवत नाही, असं दिसतं. २०२० साली त्याच कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी ३५ जाती तपासल्या. जातीजातींत फरक निघाला. बहुतेक लहान जातींत कॅन्सर वाढलेला दिसला नाही.

म्हणून ज्यांच्या घरी अशी मोठी विलायती जात असेल, त्यांनी घाई करू नये. डॉक्टरांना विचारून वय ठरवावे. आपली गावठी कुत्री मध्यम अंगाची असतात. गावठी मादीला आचळाची गाठ, पिशवीचा पू आणि लागणारी गाठ, या तिन्हींची भीती आहे. तिच्यासाठी लवकर नसबंदी हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

आणखी एक समजून घ्या. अमेरिकेतल्या जॉर्जिया प्रांतातल्या शास्त्रज्ञांनी चाळीस हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मरणाच्या नोंदी तपासल्या. ते काम २०१३ साली छापून आलं. नसबंदी केलेली कुत्री सरासरीने दीड वर्ष जास्त जगली होती. साथीच्या रोगाने आणि अपघाताने ती कमी मेली होती. कॅन्सरने मात्र जास्त मेली होती. याचं एक कारण उघड आहे. जो म्हातारपण गाठतो, त्यालाच म्हातारपणाचा रोग होतो. जो तरुणपणीच मोटारीखाली गेला, त्याला कॅन्सर कुठून होणार?

लोक विचारतात ते प्रश्न

एक ताई विचारतात, "ऑपरेशन केल्यावर कुत्री राखण करील का?" करील. राखण करणं तिच्या स्वभावात आहे, ते बीजकोशात नाही. उलट माजाच्या दिवसांत ती वस्ती सोडून भटकणार नाही.

एक काका विचारतात, "ती लठ्ठ होते का?" होऊ शकते. म्हणून खाणं थोडं कमी करा आणि तिला हिंडू द्या.

कुणी म्हणतं, "ऑपरेशन कशाला? माज थांबवायचं इंजेक्शन मिळतं." ते इंजेक्शन टाळा. त्यात तोच रस असतो, ज्याने आचळं वाढतात. त्याने आचळाची गाठ आणि पिशवीचा पू, दोन्हींची भीती वाढते. रोग टाळायला गेलो आणि रोगच विकत आणला, असं होईल.

आणि एक प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो. "याचं पाप लागतं का?" हा प्रश्न आजींनीही विचारला होता. आम्ही त्यांना उलट विचारलं, "आजी, काळीला आजवर किती पिल्लं झाली?" त्यांनी बोटांवर मोजलं. म्हणाल्या, "तीसेक झाली असतील." "जगली किती?" आजी गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पाच." बाकीची थंडीने मेली, गाडीखाली मेली, उपाशी मेली. काही कुणीतरी पोत्यात घालून ओढ्यावर सोडली. पाप कशात आहे, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

तर मग करायचे काय?

पहिली गोष्ट. पाळलेली मादी पाच-सहा महिन्यांची झाली, की जनावरांच्या दवाखान्यात नेऊन दाखवा. ऑपरेशनचा दिवस ठरवून घ्या. आदल्या रात्रीपासून काय द्यायचं, काय नाही, ते डॉक्टर सांगतील तसं करा. ऑपरेशन झाल्यावर दहा-बारा दिवस तिला कोरड्या, स्वच्छ जागी ठेवा. आंघोळ घालू नका. टाके चाटू देऊ नका. पिसाळण्याची लसही विसरू नका.

भूल आणि ऑपरेशन म्हटलं, की थोडा धोका असतोच. म्हणून ते जाणत्या डॉक्टरच्याच हातून करून घ्या. तरुण, धडधाकट कुत्रीला हा धोका कमी असतो. म्हातारपणी, पिशवीत पू झाल्यावर तेच ऑपरेशन करावं लागलं, तर धोका कितीतरी वाढतो.

दुसरी गोष्ट. मोकाट कुत्र्यांची जबाबदारी एकट्यादुकट्याची नाही. २०२३ सालच्या सरकारी नियमांप्रमाणे त्यांची नसबंदी आणि लस हे नगरपालिकेचं, ग्रामपंचायतीचं काम आहे. ग्रामसभेत हा विषय काढा. आपल्या सहीचा अर्ज द्या. आता तुम्हांला लिहिता येतं, मग त्याचा उपयोग इथे करा.

तिसरी गोष्ट. ज्यांची कुत्री आता मोठी झाली आहे, त्यांनी निराश होऊ नये. ऑपरेशन उशिरा केलं, तरी पिशवीचा रोग टळतो. आणि गाठ शोधण्याचं काम तर घरच्या घरी होतं. दर पौर्णिमेला कुत्रीला कुशीवर निजवा. तिच्या पोटाखाली आचळांच्या दोन ओळी असतात. बहुधा इकडे पाच, तिकडे पाच. छातीपासून सुरुवात करा आणि एकेक आचळ दोन बोटांत धरून हळूच चाचपत मांडीपर्यंत या. मागच्या दोन जोड्या नीट पाहा. गाठ जास्त करून तिथेच येते. ज्वारीच्या दाण्याएवढं जरी काही टणक लागलं, तरी त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. हळद नको, चुना नको, वाट पाहणं नको. गाठ सुपारीपेक्षा लहान असताना काढली, तर कुत्री वाचण्याची आशा पुष्कळ असते.

चंपीची गोष्ट

काळीच्या शेवटच्या पिल्लांतली एक मादी जगली होती. आजींनी तिचं नाव चंपी ठेवलं. काळी गेली, तेव्हा चंपी पाच महिन्यांची होती. काळीला पुरून आल्यावर आजी ओट्यावर बसल्या होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग चंपीकडे बघून आम्हांला म्हणाल्या, "हिला कधी नेताय?"

पुढच्या सोमवारी आम्ही चंपीला नेलं. आजी स्वतः टेंपोत बसून आल्या. चंपी भुलीत होती, तेव्हा दवाखान्याच्या दारात बसून राहिल्या. संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन घरी आल्या. दहा दिवसांनी चंपी पुन्हा वस्तीवर पळत होती.

चंपीला पुढे कधीच कॅन्सर होणार नाही, असं आम्ही आजींना सांगितलेलं नाही. तसं कुणीच सांगू शकत नाही. कॅन्सर पुष्कळ तऱ्हांचे असतात. नसबंदीने त्यांतले काही टळतात, काही टळत नाहीत. पण जो रोग तिच्या आईला झाला, तो रोग तिच्यापासून पुष्कळ लांब गेला. माणसाच्या हातात होतं तेवढं आजींनी वेळेवर केलं.

पौर्णिमेला आजी चंपीला अजूनही कुशीवर निजवतात आणि तिचं पोट चाचपतात. नजर अधू झाली आहे, पण बोटांना सगळं कळतं. परवा गेलो, तेव्हा म्हणाल्या, "बघितलं हो. काही न्हाई."

मंडळी, आज घरी गेल्यावर आपल्या कुत्रीला जवळ घ्या. तिच्या पोटाखालून एकदा हात फिरवा. काही लागलं, तर उद्या दवाखाना गाठा. आणि घरात लहान मादी असेल, तर पुढचा भाद्रपद येण्याची वाट पाहू नका.